ठाण्यात चिंचिला सांभाळणारं कोणी आहे का? हनुवटी सारखी ओली दिसतेय

कोलशेतची_सून · शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. कुत्र्या-मांजरांच्या ग्रुपवर विचारलं तर अर्ध्यांनी "म्हणजे ससा का?" केलं आणि उरलेल्यांनी नुसते हार्ट टाकले, म्हणून इथे लिहितेय. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

झालंय असं की माझा भाचा पुण्यात होता, त्याच्याकडे तीन वर्षांपासून एक चिंचिला होता (उंदीर घराण्यातला, दाट मऊ केसांचा छोटा प्राणी). त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि "मावशी फक्त दोन महिने गं" म्हणत ऑगस्टमध्ये पिंजरा, अर्धी पिशवी गवत आणि एक राखाडी पावडरचा डबा (तो पाण्याने नाही, त्या पावडरीत लोळून आंघोळ करतो) असं सगळं आमच्या हॉलमध्ये ठेवून गेला. आता दोन महिने उलटले तर फोनवर म्हणतो "इथे आणायचं म्हणजे फार पेपरवर्क आहे". म्हणजे काय ते समजलो आम्ही. नाव मोची ठेवलंय पण सासूबाई त्याला चिंचू म्हणतात आणि तो पण आता त्याच नावाला कान टवकारतो.

पावसात बरा होता, निदान आम्हाला तरी तसं वाटत होतं. आता हे ऑक्टोबर हीट सुरू झाल्यापासून दुपारभर पिंजऱ्याच्या तळाशी आडवा पसरलेला असतो. एसी बेडरूममध्ये आणि पिंजरा हॉलमध्ये, पंखा फुल्ल लावून ठेवते त्याच्यासाठी. आणि गेले चार दिवस हनुवटीखालचे आणि गळ्याचे केस ओले चिकट दिसतायत, मला वाटलं पाण्याची बाटली गळतेय म्हणून बाटली बदलली, तरी तेच. गवताची काडी तोंडात घेतो, दोनदा चावल्यासारखं करतो आणि टाकून देतो. बेदाणे दिले तर मात्र हातातून ओढून घेतो (सासूबाई पूजा झाली की नैवेद्यातले दोन बेदाणे आणि शेंगदाणे त्याला देतात, रोजचा नेम आहे). लेंड्या पण बारीक झाल्यात, आधी तांदळापेक्षा मोठ्या असायच्या, आता जिऱ्याएवढ्या.

तर प्रश्न असे की हे उन्हाने होतंय का, एसी दिवसभर लावायलाच लागतो का (बिल कोण भरणार, जर्मनी?), आमच्याकडे शुक्रवारी मेंटेनन्ससाठी तीन-तीन तास लाईट जाते तेव्हा काय करायचं, आणि त्या पावडरचा डबा संपत आलाय तर त्याऐवजी टाल्कम पावडर चालेल का? जवळच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, ते कुत्र्या-मांजरांचे आहेत, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मी हा प्राणी कधी बघितला नाही, आणि एक अँटिबायोटिक सिरप लिहून दिलंय. अजून दिलं नाहीये.

नेरूळची_माऊ · रविवार, सकाळी ६:१५

ताई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी हे वाचा. ओली हनुवटी म्हणजे बाटलीचं पाणी नाही, लाळ आहे. आणि लाळ + गवत टाकून देणं + मऊ किंवा आवडीचं तेवढं खाणं + बारीक लेंड्या हे सगळं एकत्र आलं की नव्वद टक्के दात. उन्हाचं पण असेल पण दात आधी बघा.

यांचे पुढचे दात वाढतात हे सगळ्यांना माहीत असतं, उंदीर घराण्यातलेच ना ते. पण चिंचिलाच्या दाढा पण जन्मभर वाढत राहतात, सगळे वीसच्या वीस दात. त्या घासल्या जातात फक्त गवत चघळून, कारण गवत खाताना जबडा आडवा फिरतो, पेलेट (विकतचं दाणेदार खाणं) खाताना नुसता कडम कडम वर-खाली. गवत कमी झालं की दाढेला टोकं येतात, ती जिभेला नाहीतर गालाला आतून टोचतात, मग दुखतं म्हणून गवत अजून कमी, मग टोक अजून मोठं. हे चक्र बाहेरून दिसत नाही. तोंड इतकं छोटं असतं की आपल्याला पुढचे चार दात सोडून काही दिसत नाही, आणि ते चार दात छान पिवळे-केशरी असले (हो, पिवळेच हवेत, पांढरे पडले तर उलट काळजी) की आपण म्हणतो दात तर मस्त आहेत.

माझा पहिला याच्यातच गेला. मी पण तीन आठवडे बाटल्याच बदलत होते ताई, म्हणून एवढ्या सकाळी टाइप करतेय.

आज काय करायचं: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर डबा ठेवून शून्य करा, चिंचूला डब्यात बसवा, वजन लिहून ठेवा. मोठा चिंचिला साधारण ४०० ते ६०० ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी असतो, पण आकड्यापेक्षा तो रोज किती उतरतोय ते महत्त्वाचं. भाच्याला विचारा आधी किती होतं. दहा टक्के उतरलं असेल तर वाट बघायची नाही. आणि पूर्ण खाणंच बंद झालं तर रात्र पण काढायची नाही, यांचं पोट सतत चालू लागतं, थांबलं की गॅस धरतो आणि यांना उलटी होत नाही, वरून बाहेर पडायला रस्ताच नाही.

बेदाणे आणि शेंगदाणे आजपासून बंद. सासूबाईंना वाईट वाटेल, माहितीये, माझ्या आईला पण वाटलं होतं. बेदाण्यात साखर, शेंगदाण्यात तेल, दोन्ही यांच्या पोटाला झेपत नाही. नेम मोडायचा नसेल तर एक चिमूट वाळलेली गुलाबाची पाकळी द्या, बिनफवारणीची, देवाला पण चालते आणि त्याला पण.

एक्झॉटिक (म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे असे वेगळे प्राणी) बघणारे डॉक्टर ठाण्यात-नवी मुंबईत मोजकेच आहेत, फोन करून सरळ विचारा "चिंचिलाच्या दाढांना भूल देऊन ट्रिम करता का, आणि डोक्याचा एक्सरे काढता का". हो म्हणाले तरच जा. नाहीतर उगाच चार ठिकाणी फिरवून त्याला घाबरवाल. घाबरला की हे हातात केसांचा पुंजका सोडून पळतात, दचकू नका, टक्कल भरून येतं.

ऐरोली_व्हेट_स्टुडंट · रविवार, सकाळी ९:०२

माऊताईंच्या सगळ्याला अनुमोदन. मी अजून शिकतेय त्यामुळे औषध सांगणार नाही, पण त्या सिरपचं नाव बघा आणि अमॉक्सिसिलिन असेल तर देऊ नका. तोंडावाटे पेनिसिलिन गटातली औषधं, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, ही चिंचिला-ससा-गिनीपिगला घातक ठरू शकतात. कुत्र्याला रोज देतात म्हणून सगळ्यांना ती साधी वाटतात. यांचं पचन पोटातल्या चांगल्या बॅक्टेरियांवर चालतं, ती औषधं नेमके तेच मारतात, मग वाईट बॅक्टेरिया फोफावतात आणि जुलाब लागून जनावर जातं. यांना चालणारी दुसरी अँटिबायोटिक्स आहेत, एक्झॉटिकवाले डॉक्टर ती देतील. तुमच्या डॉक्टरांनी माहीत नाही असं कबूल केलं हे मला खरं तर आवडलं, पण मग सिरप नव्हतं लिहायचं.

दुसरं, भूल द्यायची असेल तर कोणीतरी रिसेप्शनवरून सांगेल "रात्रीपासून उपाशी ठेवा". कुत्र्याला ठेवतात, याला नाही. उलटीच होत नाही तर उपाशी कशाला ठेवायचं, उलट पोट थांबायचं. डॉक्टरांशी बोलून घ्या आधी.

दोन दिवसांत अपॉइंटमेंट नाही मिळाली तर पेलेट कोमट पाण्यात भिजवून पेजेसारखं करा आणि सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडं थोडं द्या, समोरून घशात मारू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. कुठेच काही जमलं नाही तर परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, पण आधी फोन करून त्या दिवशी कोण आहे ते विचारून जा.

घोडबंदरग्रस्त · रविवार, दुपारी १:२५

दातांचं वर सांगून झालंय, मी एसी आणि लाईटवर बोलतो, कारण त्यात माझी पीएचडी झालीये. चार वर्षं झाली, दोन माद्या, कासारवडवली.

पहिलं म्हणजे पंखा बंद केलात तरी चालेल. पंख्याने आपल्याला गार वाटतं कारण आपल्याला घाम येतो. चिंचिलाला घाम येत नाही. त्यात एकेका मुळातून पन्नास-साठ केस निघतात, आपल्या एका मुळातून एक, म्हणजे तो ऑक्टोबरमध्ये घोंगडी पांघरून बसलाय आणि तुम्ही घोंगडीवर गरम हवा मारताय. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः ते दोन मोठे कान. कान आतून लालबुंद दिसले, शिरा फुगल्या, आडवा पडून धापा टाकतोय, तर तो आराम करत नाहीये, त्याला ऊन लागलंय. तेव्हा गार खोलीत न्या, गार लादीवर ठेवा, कानांना गार (बर्फाचं नाही) ओलं फडकं लावा आणि डॉक्टर. बादलीत बुडवू नका, एवढ्या दाट केसांत पाणी गेलं की वाळता वाळत नाही आणि बुरशी धरते.

तापमान १६ ते २१ मध्ये सगळ्यात बरं, ठाण्यात ते जमवायला तुम्ही अंबानी पाहिजे. मी २२-२३ वर ठेवतो आणि २५ च्या वर जाऊ देत नाही. पण नुसतं तापमान बघून भागत नाही, आपल्याकडे खरा शत्रू दमट हवा. जुने पाळणारे एक हिशोब सांगतात: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक हवेतली आर्द्रता, बेरीज १५० च्या वर गेली की धोका. करून बघा, २८ डिग्री म्हणजे ८२ फॅरनहाइट, त्यात खिडकी उघडी असताना आपली ७५ टक्के आर्द्रता, झाले १५७. आणि हे २८ ला, जे आपल्याला "आज जरा बरंय" वाटतं. म्हणून ताई तुमचा पावसात पण तो बरा नव्हता, तो गप्प होता. ऑनलाइन छोटा घड्याळाएवढा मीटर मिळतो तापमान-आर्द्रता दाखवणारा, तो पिंजऱ्याच्या उंचीवर लावा, भिंतीवर सहा फुटांवर नको.

पिंजरा बेडरूममध्ये हलवा, दुसरा उपाय नाही. एसीच्या झोताखाली मात्र नको. तो रात्री दोन वाजता उड्या मारेल, पाच-सहा फुटांपर्यंत सहज मारतात, भिंतीला लाथ मारून वळतात, मिस्टरांची झोप जाईल. आमच्याकडे त्यावरून महिनाभर अबोला होता. इन्व्हर्टर एसी असेल तर बिल वाटतं तेवढं येत नाही, माझं महिन्याला अडीच-तीन हजाराने वाढलं. जर्मनीला पाठवा, त्यात काय.

आता लाईट. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर पंखे-ट्यूब चालतात, एसी नाही. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि पॅसेजपुरता. एकदा आम्ही लग्नाला बदलापूरला गेलो आणि मागे चार तास लाईट गेली, आलो तर मोठी मादी माशासारखी तोंड उघडून पडलेली, कान बीटासारखे. वाचली, पण त्या दिवसानंतर मी लाईट जाणार असली की कळवणारी मेसेज सेवा चालू करून घेतली आणि खालच्या लादीवाल्याकडून मार्बलचे दोन तुकडे फुकट आणले, घासून धुऊन एक पिंजऱ्यात, एक फ्रीजमध्ये, आलटून पालटून. त्यांना कळतं बरोबर, पोट लावून बसतात. पाण्याच्या बाटल्या गोठवून, टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेर टेकवायच्या, आत नाही, आत ठेवल्या तर प्लास्टिक कुरतडतात आणि सगळं ओलं. लाईट जायच्या आधी तासभर खोली १९ वर गार करून दारं, खिडक्या, जाड पडदे बंद. असे दोन-अडीच तास निघतात. मे महिन्यात दीड.

खाडीकाठचा_म्हातारा · रविवार, संध्याकाळी ५:५०

मला शिव्या पडतील, पडू देत. वरचं सगळं वाचून कोणालाच असं वाटत नाही का की जो प्राणी सांभाळायला मार्बल फ्रीजमध्ये ठेवावा लागतो तो इथे असूच नये?

चिलीच्या अँडीजमधल्या कोरड्या डोंगरांवरचा प्राणी हा, दगडांच्या कपारीत राहणारा. फरसाठी मारून मारून संपवला, एका कोटाला शंभराच्या वर कातडी लागायची. चॅपमन म्हणून एक अमेरिकन खाणीतला इंजिनिअर होता, त्याने १९२३ साली अकरा चिंचिला बोटीतून कॅलिफोर्नियाला नेले, ते पण बर्फाने गार ठेवलेल्या पिंजऱ्यांतून. म्हणजे तेव्हापासून ह्यांना एसी. आज अमेरिकेतले बहुतेक पाळीव चिंचिला त्या अकरांची पोरं-पणतवंडं. जंगलातले उरले थोडे, चिलीने १९८३ मध्ये त्यांच्यासाठी एक अभयारण्य केलंय, तरी चिंचिलाच्या दोन्ही जाती अजून धोक्याच्या यादीतच आहेत. आणि तुम्ही इकडे त्यांना बेदाणे भरवताय.

प्राण्यांची हौस आहे ना, थोड्या दिवसांनी खाडीवर फ्लेमिंगो येतील, बघायला या. फुकट आहे, एसी लागत नाही.

कोलशेतची_सून · रविवार, संध्याकाळी ६:३०

काका, मी विकत नाही आणलेला हो. माझ्या हॉलमध्ये आणून ठेवलाय. आता येऊरच्या जंगलात नेऊन सोडू का? तुमचं चुकीचं नाहीये पण ते भाच्याला सांगायचं, मी नंबर देते.

बाकी सगळ्यांचे खरंच आभार. सिरप बघितलं, अमॉक्सिसिलिनच निघालं. हात-पाय गार पडले माझे. वजन केलं, ४३८. भाचा म्हणतो जुलैत ५१० होतं. उद्याची अपॉइंटमेंट मिळालीये मुंबईत, सकाळी साडेसातला निघतोय, ऊन चढायच्या आत.

खाडीकाठचा_म्हातारा · रविवार, संध्याकाळी ६:४४

सोडू नका. चुकलं माझं, नीट वाचलं नव्हतं. गाडीतला एसी आधी दहा मिनिटं चालू करून मग त्याला आत न्या.

जांभळीनाका_जुगाड · रविवार, रात्री १०:१०

पावडरचं कोणीच बोललं नाही म्हणून मी. टाल्कम पावडर अजिबात नको, ती केसांना चिकटते आणि नाकात जाते. बाजारात कोणीतरी तुम्हाला रांगोळी घ्या म्हणेल, "बारीक दगडच की", मला म्हणाला होता. रांगोळीचा कण टोकदार असतो, डोळ्यांची वाट लागते, रंगीत असली तर अजूनच. चौपाटीची वाळू पण नाही, ती जाड, खारट आणि दमट.

त्यांना जे लागतं ते ज्वालामुखीच्या राखेसारखं मऊ, पिठीसाखरेपेक्षा बारीक, ते त्या दाट केसांत मुळापर्यंत जाऊन तेल आणि ओल शोषून घेतं आणि झटकलं की बाहेर. चिंचिला डस्ट म्हणून ऑनलाइन मिळते, महाग आहे, पण एक डबा पुरतो बरेच दिवस. मुलतानी मातीवर दरवेळी भांडण होतं. ती म्हणजे फुलर्स अर्थ, आणि ती वापरणारे लोक आहेत, पण आपल्या दुकानातल्या पाकिटात चंदन, कडुनिंब, गुलाब, वास, काय काय मिसळलेलं असतं आणि आपल्या हवेत तिचे गोळे होतात. मी पैसे वाचवायला एकदा आणली, दोन आंघोळींत त्याच्या शेपटीला उपवासाचं थालीपीठ लागल्यासारखं झालं. परत डस्टवर आलो.

आता जुगाड. आमच्या आजीची लोणच्याची चिनीमातीची बरणी होती, पाच किलोवाली, माळ्यावर पडलेली. ती उकळत्या पाण्याने तीनदा धुतली, चार दिवस उन्हात ठेवली (तरी मोहरीचा वास गेला की नाही देव जाणे), आडवी केली, दोन्ही बाजूंना विटेचे तुकडे लावले घरंगळू नये म्हणून, आत दोन बोटं डस्ट. साहेब आत शिरतात आणि भोवऱ्यासारखे गरागरा फिरतात, धूर बाहेर येतो, मग तोंड काढून बघतात आणि परत आत. प्लास्टिकचा टब दोन दिवसांत कुरतडला होता, बरणीला दात लागत नाही आणि गार पण राहते, नंतर तिथेच झोपतो. आठवड्यातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, मग बरणीतली डस्ट काढून घ्यायची. सारखी ठेवली तर कातडी कोरडी पडते आणि तो त्यात मुतून पण ठेवतो. पावसाळ्यात वापरायच्या आधी लोखंडी कढईत मंद आचेवर फिरवून ओल काढतो, पूर्ण गार झाली की हवाबंद डब्यात. आई विचारते बेसन भाजतोयस का.

गवताचं पण सांगून टाकतो. रस्त्यावर गायीला घालायला मिळतं ते लसूणघास आणू नका. तेच अल्फाल्फा. कॅल्शियम जास्त, पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्याला मुतखडे. शिवाय ते ओलं असतं, पोट फुगतं. भाताचा पेंढा नुसता भुसा, त्यात काही नाही. टिमोथी (वाळवलेलं परदेशी गवत) मागवा, मोठी बॅग घ्या आणि उघडल्यावर नाक खुपसून वास घ्या, बुरशीचा दर्प आला तर परत पाठवा, पावसात पुष्कळदा येतो.

खारघर_२१ · सोमवार, दुपारी १२:३०

छान माहिती मिळाली. आमच्या लेकीचा वाढदिवस आहे, सहावीत आहे, तिने रील बघितलंय आणि चिंचिलाच पाहिजे म्हणते. आम्ही दोघं नोकरीला, घर दिवसभर बंद असतं, पण एसी टाइमरवर लावून ठेवू. ठाण्यात एक जण देतोय जोडी. घ्यावा का?

नेरूळची_माऊ · सोमवार, दुपारी १२:४१

नका घेऊ. हा दिवसभर झोपतो, मुलगी शाळेतून आली की झोपलेला, ती झोपली की हा उठणार. मांडीत बसायला आवडत नाही यांना. आणि जगतात दहा ते वीस वर्षं, म्हणजे लेकीचं लग्न होऊन ती सासरी जाईल आणि तुम्ही रिटायर होऊन दाढा ट्रिम करायला फिराल. जोडी म्हणजे नर-मादी असेल तर एकशे अकरा दिवसांत पिल्लं, केसांसकट डोळे उघडे घेऊनच येतात, फार गोड, आणि मादी त्याच दिवशी परत गाभण राहू शकते. मग त्यांना कोण घेणार?

घोडबंदरग्रस्त · सोमवार, दुपारी १:०५

आणि "देतोय" म्हणजे कागद काय देतोय ते विचारा. जंगली चिंचिला साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) पहिल्या परिशिष्टात आहे, पाळीव चिंचिलाला त्या करारातून वगळलंय. पण आपल्याकडे २०२२ ला वन्यजीव कायदा बदलला, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, परदेशी प्राण्यांसाठी नवीन अनुसूची आली, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी असते. पावती नाही, बिल नाही, "सगळ्यांकडे असेच असतात साहेब" म्हणाला तर उठून या. कोलशेतताई, तुम्ही पण भाच्याकडून खरेदीची पावती आणि "मावशीला दिला" असं लिहून मेल मागवून ठेवा आणि वनखात्यात एकदा विचारून घ्या.

खारघर_२१ · सोमवार, दुपारी १:२०

ओके. सायकल घेतो.

कोलशेतची_सून · पुढचा रविवार, रात्री ९:१५

उशीर झाला कळवायला, आठवडा असा गेला की विचारू नका.

दाताचंच निघालं. भूल देऊन तोंड उघडून बघितलं तर खालच्या दोन दाढांना आतल्या बाजूने टोकं, जिभेला एका बाजूने जखम. डॉक्टरांनी मला मोबाईलवर फोटो दाखवला, काट्यासारखं टोक, तांदळाच्या कणीएवढं, आणि त्यापायी चार-पाच दिवस तो उपाशी. घासून काढलं. एक्सरेमध्ये दाढांची मुळं पण जरा लांबलेली दिसली, म्हणजे हे परत होणार, दोन-तीन महिन्यांनी तपासायला न्यायचं. डोळ्यातून पाणी आलं तर लगेच. दुखण्याचं औषध दिलंय. उपाशी ठेवा असं खरंच फोनवर सांगितलं होतं रिसेप्शनवरच्या मुलीने, मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले छे छे खाऊ दे. ऐरोलीच्या पोरी, तुला पेढे.

तीन दिवस सिरिंजने पेज. पहिल्या दिवशी अर्धी माझ्या कुर्त्यावर, अर्धी त्याच्या कानात. सासूबाई शिकल्या पटकन, त्या त्याला जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळतात, फक्त तोंड बाहेर, आणि "आ कर, आ कर, शहाणा ना तू" म्हणत भरवतात. बेदाण्यांवरून आधी रुसल्या होत्या. मग तो दाढेचा फोटो बघितला आणि शेंगदाण्याची बरणी स्वतःच उचलून वरच्या फळीवर ठेवली. आता पूजा झाली की गुलाबाची पाकळी.

पिंजरा बेडरूममध्ये गेला, मिस्टर हॉलमध्ये गेले.

शुक्रवारचं सांगायचं राहिलं. दहाला लाईट जाणार असा मेसेज होता, मी नऊपासून खोली गार केली, लादी, बाटल्या, सगळं घोडबंदरदादांनी सांगितलं तसं. साडेबारापर्यंत मीटर २४ च्या आत होता. मग २५, मग २६, आणि लाईटचा पत्ता नाही, कान गुलाबी व्हायला लागले. शेवटी गाडी काढली. एसी आधी लावला (काका, लक्षात होतं), सासूबाई मागे, मांडीवर त्याची कॅरियर बॅग, आणि आम्ही मानपाडा ते गायमुख. गायमुखला घाटाच्या तोंडाशी नेहमीप्रमाणे ट्रॅफिक जाम. पाऊण तास एका जागी. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्या ट्रॅफिकवर खूश होते, बाजूच्या ट्रकवाल्याने काच खाली करून विचारलं "काय आहे आत, ससा का?", सासूबाई म्हणाल्या "चिंचिला, दाढेचं ऑपरेशन झालंय". परत आलो तेव्हा लाईट आली होती.

गवत चावतोय. आवाज येतो रात्री, कुरूकुरू. हनुवटी कोरडी. आज सकाळी डब्यातलं वजन ४६१.

जुगाडदादा, ती पाच किलोची बरणी हल्ली कुठे मिळते? आमच्याकडची सासूबाई देत नाहीयेत, त्यात अजून लिंबाचं लोणचं आहे.